पाठीमागचा स्क्रू

धुळे,
११ जानेवारी १९९६

चि. कोकिळा हिला अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच फेकलं नसशील, असं धरून लिहितो. पत्ता निंबाभाऊंनी दिला. अमळनेरच्या स्टँडवर तुझे वडील दिसले, मी हाक मारली. त्यांनी पत्ता सांगितला, पण माझ्याकडे न बघता, बसच्या पाटीकडे बघत. तू बडोद्याला एका तपासणी प्रयोगशाळेत आहेस, बरं चाललंय, एवढंच बोलले आणि त्यांच्या गावाला जातच नाही अशा बसमध्ये चढून बसले.

कामाचं बोलतो. १७ फेब्रुवारीला जळगावला नवीन यंत्रं तयार करू पाहणाऱ्यांचा मेळावा आहे. त्यात माझं मार्गदर्शन आणि सत्कार. सत्कार आपल्या ओलावा मीटरबद्दल. मी नको नको म्हटलं, ऐकत नाहीत.

असल्या मेळाव्यांची मला किळस आहे, तुला माहीत आहे. मागच्या वर्षी मार्गदर्शक कोण, तर साबणाचा एजंट. ज्यानं जन्मात एक नट आवळला नाही, तो दीड तास सांगत होता की यशाला फक्त आत्मविश्वास लागतो. समोर शिरपूरकडचा एक लोहार स्वतः बनवलेलं पेरणीयंत्र ट्रॅक्टरवर लादून आला होता. फणाला माती का चिकटते, एवढंच त्याला विचारायचं होतं. व्यासपीठावरून उतरून कुणी त्या फणाकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी नारळ, शाल आणि चिवड्याची पुडी. तो माणूस चिकटलेल्या मातीसकट परत गेला. मला ओकारी येते. म्हणूनच मी जातो. निदान एक तरी हात काळे झालेला माणूस तिथं असावा.

सोबत फॉर्म आहे. 'मूळ संशोधक : प्रा. शालिग्राम वाणी. सहकार्य : कु. कोकिळा पाटील.' क्रम आयोजकांनी लावला आहे. तू खाली सही कर.

मला ८६ सालचा मे महिना आठवतो. तुझी शेवटची परीक्षा झाली होती आणि तू एक पितळी डबा घेऊन माझ्या घरी आलीस. तुझं म्हणणं एवढंच होतं की आडत्या दाताखाली दाणा चावतो आणि 'ओला आहे' म्हणतो. आबांच्या, म्हणजे निंबाभाऊंच्या, तुरीचा भाव त्याच्या दातावर ठरतो. दाताच्या जागी आकडा पाहिजे. मी म्हटलं, आधी ती सोल्डरिंगची कांडी खाली ठेव. चार महिने नुसतं मोज. साक्रीपासून रावेरपर्यंतची तूर, मूग, उडीद, ज्वारी आण. दहा ग्रॅम दळ, भट्टीत वाळव, आधीचं वजन आणि नंतरचं वजन वहीत लिही. प्रत्येक नमुना दहा वेळा. तू सहाशे नमुने आणलेस. एप्रिलच्या उन्हात मीटर दीड टक्का चढं दाखवायला लागलं, तेव्हा दोन महिने घासून तू तो दोष मुळापासून काढलास. धान्य डब्यात ओता, बटण दाबा, शेकडा ओलावा किती ते लाल आकड्यांत. चूक अर्ध्या टक्क्याच्या आत. मोजायचा तो सल्ला माझा होता आणि चांगला होता. तेवढं तरी मानशील.

मीटरच्या मागच्या स्क्रूबद्दल मी तेव्हा जे सांगितलं तेच आज सांगतो. तो पितांबरशेठच्या माणसांनी मागाहून बसवला. गिऱ्हाईक मशीन नेऊन त्याचं काय करतो, यावर बनवणाऱ्याचा ताबा नसतो. पाच वर्षं झाली. आता सोडून दे.

बहीण माझ्याकडेच असते. ताईबाई तुझी आठवण काढते.

शालिग्राम वाणी


धुळे,
३ फेब्रुवारी १९९६

कोकिळा,

फॉर्म परत आला. कोरा. चिठ्ठी नाही, शिवीसुद्धा नाही. नुसता बडोद्याचा शिक्का.

मी आयोजकांना सांगितलं, सही टपालात आहे. ते म्हणाले, काही हरकत नाही सर, तुमची असली म्हणजे झालं.

काल पुना महाजन आला होता. तू त्याला ओळखत नाहीस. पारोळ्याकडचा, पस्तिशीचा. विहिरीवरच्या मोटारीसाठी स्टार्टर बनवतो. तिन्ही तारांत वीज असली तरच मोटार चालू होते, एक तार गेली की आपोआप बंद. मोटार जळत नाही. दोन वर्षं त्यानं स्वतःच्या विहिरीवर ते चालवून पाहिलंय. दोन मोटारी जाळून शिकलाय. काम बघून मला बरं वाटलं, पुष्कळ दिवसांनी.

आता एका दुकानदारानं त्याला पन्नास नगांची ऑर्डर दिली आहे. अट एकच. आतला तारा तपासणारा भाग काढून टाक, स्वस्त पडेल. बाहेरचा हिरवा दिवा तेवढा राहू दे. दिवा दिसला की गिऱ्हाईक खूश.

'सर, काय करू?' पुना म्हणाला.

मी म्हणालो, 'पहिली ऑर्डर सोडायची नसते, पुना. आधी बाजारात पाय रोव. सुधारणा काय, मागाहून करता येतात.'

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली. पट्टी लावून.

ती पट्टी मी बघितली. मोरीत जाऊन चूळ भरून आलो आणि म्हटलं, 'खोड ते.'

'का, सर?'

'मी चुकीचं सांगितलं. त्या दिव्यावर विसंबून लोकांच्या मोटारी जळतील. ऑर्डर घेऊ नको.'

'पण सर, तुम्हीच तर आत्ता...'

'मी म्हणतो ते ऐकत जाऊ नको रे.'

तो बिचारा चपला घालून निघून गेला.

'पहिली ऑर्डर सोडायची नसते', हेच वाक्य मी तुला जळगावला, तू मीटर बनवायचीस त्या शेडमध्ये सांगितलं होतं. पितांबरशेठ नव्वदच्या पावसाळ्यात आला, डाळ मिल आणि गावोगावी खरेदीचे काटे असलेला माणूस. त्याला चाळीस मीटर हवी होती, पण आकडा थोडा वरखाली करता येईल अशी. तू नाही म्हणालीस. 'सर, स्क्रू फिरवला की आकडा चार टक्के चढतो. मग आडत्याचे दात काय वाईट होते?' मी तुला व्यवहार समजावला. तू उठून बाहेर गेलीस आणि नळाखाली डोकं धरलंस.

मग आबांच्या ऑपरेशनसाठी तू तीन आठवडे अमळनेरला होतीस. त्या तीन आठवड्यांत मीटर शेठकडे गेली.

स्क्रू पितांबरशेठच्या माणसांनी बसवला नाही. त्याच्या माणसांना कांडीचं कुठलं टोक गरम असतं तेही ठाऊक नव्हतं. जोडणीचा नकाशा मी काढला. सोल्डरचे टाके मी मारले. मागच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यावर चिकटपट्टी लावली, त्यावर छापून घेतलं, 'हंगाम जुळवणी'. हे नाव सुचलं तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

तू एक्याण्णवच्या फेब्रुवारीत त्यातलं एक मीटर घेऊन माझ्या घरी आलीस, पाठ उघडलीस आणि विचारलंस, 'हा टाका तुमचा ना?' तुला टाका मारायला शिकवला मी. मी म्हणालो, 'नाही.' तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. मीटर टेबलावर तसंच ठेवून गेलीस.

पितांबरशेठनं मला पैसे चारले असं तुला वाटत असेल. त्यानं काही दिलं नाही. हेच जास्त घाण आहे. तो इतकंच म्हणाला, 'सर, तुमच्या डोक्याचा माणूस सगळ्या खानदेशात नाही.' तेवढ्यावर मी विकलो गेलो.

शा. वाणी


धुळे,
२१ फेब्रुवारी १९९६

कोकिळा,

सत्कार झाला. मी घेतला.

स्टेजवर सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. खिशात कागद होता. प्रमुख पाहुणे पितांबरशेठ. शाल त्याच्याच हातून. शालीला डांबरगोळ्यांचा वास, म्हणजे कुणा दुसऱ्याच्या सत्काराची ती फिरवलेली. माईकसमोर उभा राहिलो, समोर दोनशे माणसं, आणि मी चाळीस मिनिटं बोललो. 'आधी मोजा, मग बनवा.' 'दहा वेळा मोजा.' टाळ्या. कागद खिशातच राहिला. पुना तिसऱ्या रांगेत होता. तो टाळ्या वाजवत नव्हता.

खरी घाण पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी शेठनं मला गाडीत घातलं. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला त्याचा खरेदीचा काटा आहे. 'तुमचं लेकरू अजून धावतंय सर, बघायला चला.' मी गेलो. का गेलो, विचारू नकोस. मला बघायचं होतं. आपलं मीटर टेबलावर होतं. त्याला दसऱ्याचं हळदकुंकू अजून तसंच.

वरच्या पाड्यावरून एक जोडपं तूर घेऊन आलं होतं. जामसिंग आणि दिवालीबाई. दोन पोती, एकाच बैलगाडीतून. मुनिमानं मूठभर तूर डब्यात ओतली, बटण दाबलं. १४.३. त्यांच्याकडे बाराच्या वर गेलं की भावात कटती.

दिवालीबाईनं दाणा दाताखाली धरला. कट्कन आवाज आला. मी चार पावलांवर होतो, मला ऐकू आला. 'पाच दिन उनमा टाकेल शे,' ती म्हणाली. 'पाच दिन मी कोंबड्या हाकलत बसनू. वल्ली कशी राही?'

मुनीम हसला. शेठ मात्र अगदी गोड आवाजात म्हणाला, 'बाई, भांडू नको. हे बघ, हे मशीन ज्यांनी बनवलं ते मोठे साहेबच आज आलेत. विचार त्यांना.'

ती वळली. पन्नाशीची असेल. हातात अजून तो अर्धा दाणा.

'भाऊ, तुम्हीच सांगा. हाई मशीन खोटं बोलस का?'

सगळे माझ्याकडे बघत होते. शेठ, मुनीम, हमाल, जामसिंग. माझ्या गळ्यात अजून आदल्या दिवशीचा बिल्ला होता.

मी म्हणालो, 'मशीन खोटं बोलत नाही, बाई.'

तिनं मान हलवली. तिला पटलं, कोकिळा. मुनिमाचं तिला पटलं नव्हतं, शेठचं पटलं नव्हतं, माझं पटलं. तिनं जामसिंगला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि मग त्या दोघांनी मला हात जोडले. मी पण जोडले.

बाहेर येऊन मी शेठनं दिलेल्या पेढ्यांची प्लास्टिकची डबी रिकामी केली, काट्याखाली सांडलेली त्यांची तूर त्यात भरून झाकण घट्ट लावलं. घरी माळ्यावरून जुनी भट्टी काढली. दहा ग्रॅम दळून. दहा वेळा. सगळी वाचनं दहा पूर्णांक एक ते दहा पूर्णांक चार यांच्यामध्ये. त्यांची तूर खडखडीत वाळलेली होती.

ताईबाई म्हणाली, काय करतोस रे सकाळपासून? मी तिला सांगितलं. सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्यापुढचं ताट उचलून आत नेलं.

शा. वाणी


धुळे,
१० मार्च १९९६

कु. कोकिळा निंबा पाटील यांस,

चोपड्यापर्यंत एसटीनं आणि तिथून पुढे जीपनं आणि पायी, असा मी परवा त्या पाड्यावर जाऊन आलो. तू माझ्या टेबलावर ठेवून गेलेलं मीटर बरोबर नेलं होतं. बॅटरीही.

जामसिंगनं खाट टाकली. मी खाली बसलो. त्यांच्याच कणगीतली तूर डब्यात ओतली, बटण दाबलं, १०.४. मग पाठीमागचा स्क्रू थोडा फिरवला. ११. १२.५. १४. तूर तीच, डबा तोच. जामसिंगनं माझ्या हातून पेचकस घेतला आणि स्वतः फिरवून पाहिलं. वर, खाली, परत वर. शेजारची चार माणसं जमली, त्यांनीही एकेकानं फिरवलं. कुणी हसलं नाही.

दिवालीबाईनं विचारलं, 'हाऊ स्क्रू कोनी बसाडा?'

'मी.'

'शेठनी सांगं म्हनीसन?'

'शेठनं सांगितलं. बसवला मी.'

'कवय?'

'सहा वर्षं होतील.'

ती जरा वेळ बोटं मोजत बसली. सहा वर्षांची तूर, उडीद, काय मोजत होती कुणास ठाऊक. मग म्हणाली, 'मंग इतला दिन तू कोठे व्हतास?'

काट्यावर तिनं मला तुम्ही म्हटलं होतं.

ती उठून गुरांकडे गेली. जामसिंग म्हणाला, मशीन इथंच राहू दे. मी ठेवून आलो.

परत येताना शेठच्या मिलवर गेलो. म्हटलं, सगळे स्क्रू काढा, नाहीतर मी लोकांना सांगतो. त्यानं मला बसवलं. 'सर, तुमचा दाखला मी ऑफिसात फ्रेम करून लावलाय, तो बघा. आता तुम्हीच तो खोटा म्हणणार? लोक विचारतील, सर तेव्हा खरं बोलत होते का आता? चहा घ्या.'

दाखल्याचं तुला माहीत नाही. ते लिहायला मी हे चौथं पत्र घेतलं आहे.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात तू जळगावच्या सरकारी कचेरीत स्क्रूबद्दल तक्रार केलीस. ती फेटाळली गेली, कारण एका तज्ज्ञानं लेखी मत दिलं होतं. हंगाम जुळवणी ही शास्त्राला धरून असलेली सोय आहे. आणि तक्रार करणारी मुलगी अननुभवी असून यंत्राच्या रचनेत तिचा भाग केवळ सुटे भाग जोडण्यापुरता होता. तुला त्या तज्ज्ञाचं नाव सांगितलं गेलं नाही. तो मी. कागद मी घरी स्वतः टाइप केला. टाइप करणाऱ्यानंही तो वाचू नये असं मला वाटलं, म्हणजे मी काय लिहितोय ते मला पुरतं कळत होतं. त्या कागदावर तुझं शेड बंद झालं. तुझे सहाशे नमुने, तुझी चार वर्षं, सगळं मी एका ओळीत 'जोडण्यापुरतं' केलं आणि खाली सही ठोकली.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे, नोटरीपुढे केलेलं, पाच पानी. मीटर तुझं, स्क्रू माझा, दाखला खोटा. नकाशाही जोडला आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. सत्काराची पाटी मी आयोजकांना परत दिली. त्यांनी विचारलं, नाव चुकलंय का सर, दुसरी करून देऊ?

पुनानं ती ऑर्डर घेतली. माझा पहिला सल्ला त्याला जास्त पटला.

मला माझी शिसारी येते, असं इथं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. त्यानं दिवालीबाईची तूर परत येत नाही.

शालिग्राम वाणी


बडोदे,
२५ मार्च १९९६

सर,

प्रतिज्ञापत्र मिळालं. तिसऱ्या पानावर मीटरची संख्या चाळीस लिहिली आहे. ती त्रेसष्ट आहे. मी गेल्यानंतर ९२ साली तुम्ही शेठला आणखी तेवीस करून दिलेत, स्क्रूसकट. त्यांचे क्रमांक माझ्याकडे आहेत. ते पान दुरुस्त करून नोटरीसमोर पुन्हा सही करा. अर्धवट कागद चालत नाही.

दाखला तुमचा आहे हे मला ९१ सालीच कळलं होतं. तक्रारीच्या निकालात त्यातल्या दोन ओळी उतरवल्या होत्या. तुमच्या हाताखाली तीन वर्षं शिकले, तुमचं वाक्य मला ओळखू येतं. तुम्ही कबूल कराल म्हणून मी थांबले नव्हते. दुसरा पुरावा नव्हता म्हणून थांबले होते.

१२ एप्रिलला आठ दिवसांची रजा काढून येते. इथली भट्टी आणि वजनकाटा घेऊन. आधी जामसिंगभाऊंच्या पाड्यावर जायचं, मग शेठच्या एकेका काट्यावर. लोकांनी आपापलं धान्य आणायचं, आपण त्यांच्यासमोर वाळवून दाखवायचं. दिवालीबाईंना निरोप द्या, पहिला नमुना त्यांच्या हातचा घ्यायचा आहे. तक्रार मी नव्यानं लिहिली आहे, ती आल्या दिवशीच जळगावला देईन. बोलायचं काम माझं. तुम्हाला विचारतील तेवढंच तुम्ही सांगायचं, आणि सल्ला कुणालाही द्यायचा नाही.

पुनाभाऊंचा पत्ता कळवा. पन्नास नग अजून गेले नसतील तर मला त्यांना भेटायचं आहे.

स्टेशनवर घ्यायला येऊ नका. ताईबाईंना सांगा, माझ्यासाठी स्वयंपाक करू नका. मी डबा आणते.

कोकिळा निंबा पाटील